डॉक्टरांना हाक कशी मारायची?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. हसण्यावारी न्यावा असाच होता, आणि आम्ही तो नेलाही. पण नंतर कितीतरी दिवस तो माझ्या डोक्यातून जाईना.

माझे धाकटे दीर मेलबर्नला असतात. दिवाळीला ते, जाऊबाई आणि दहा वर्षांचा पुतण्या असे तिघेही अमरावतीला आले होते. चिवडा, चकल्या आणि वर थंडगार आइस्क्रीम! व्हायचं तेच झालं. पोराचा घसा धरला, ताप चढला. मी आणि जाऊबाई त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बरोबर सासूबाईही होत्याच, कारण दवाखान्यात घरातलं मोठं माणूस असावं असा त्यांचा दंडक. डॉक्टर साठीच्या पुढचे. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची नाडी त्यांनी पाहिलेली. त्यांनी घसा बघितला, औषध लिहून दिलं, पोराच्या पाठीवर थाप मारली. आणि उठता उठता आमच्या चिरंजीवांनी टेबलावरची पाटी वाचून म्हटलं, ‘थँक्यू’ आणि पुढे डॉक्टरांचं नाव. आडनाव नाही, डॉक्टर नाही, साहेब नाही. नुसतं नाव!

कंपाउंडर दारातच थिजला. बाकावर बसलेल्या बायांनी माना वळवल्या. डॉक्टर मात्र मोठ्यानं हसले आणि म्हणाले, ‘‘माझी आई गेल्यापासून या नावानं कोणी हाक मारली नव्हती रे बाबा.’’

ऑटोत बसल्याबरोबर सासूबाई सुरू झाल्या, ‘‘अवं व माय! डाक्टरले नावानं हाक मारते हा पोट्टा! उद्या आजोबाले मारन!’’ जाऊबाई बिचाऱ्या सांगायला लागल्या, की आई, तिकडे तशीच पद्धत आहे. डॉक्टर स्वतः बाहेर येतात, पेशंटला नावानं बोलावतात, स्वतःचं नाव सांगतात, आणि लहान पोरंही त्यांना नावानंच हाक मारतात. त्यात अपमान काही नसतो. सासूबाईंना ते काही पटलं नाही. मला मात्र दोघींचंही पटलं, आणि तिथूनच पंचाईत सुरू झाली.

आता बघा, आपल्याकडे नाव ही साधी गोष्ट नाही. ते ‘घ्यावं’ लागतं, तेही उखाण्यात, ताटाभोवती मैत्रिणी जमल्यावर. माझ्या वयाच्या कितीतरी जणी आज नवऱ्याला नावानं हाक मारतात. मीही मारते, पण सासूबाई स्वयंपाकघरात असल्या की आपोआप ‘अहो’ होतं. मोठ्या जावेला नावानं हाक मारून बघा बरं एकदा! मग जो माणूस आपला ताप उतरवतो, आपलं बाळंतपण करतो, त्याला नावानं हाक मारायला जीभ कशी वळणार? म्हणून आपण म्हणतो डॉक्टरसाहेब. खेड्यावरून आलेली बाई म्हणते, ‘काय जी डाक्टर’. त्या ‘जी’त किती गोडवा आहे तो पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचा नाही.

आणि गंमत अशी, की दवाखान्यांच्या बाबतीत आपण हा मान पार गुंडाळून ठेवला आहे. अमरावतीत कोणाला सरकारी दवाखान्यात दाखल केलं, तर आपण सरळ म्हणतो ‘इर्विनमधी भरती केलं’. हे इर्विन म्हणजे १९२६ ते १९३१ या काळातले साक्षात व्हाइसरॉय, लॉर्ड आयर्विन! बाळंतपणासाठी ‘डफरीन’. ह्या लेडी डफरीन. १८८५ साली हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांकडून औषधोपचार मिळावेत म्हणून त्यांनी फंड उभारला, आणि त्यांच्या नावाचे जनाना दवाखाने देशभर निघाले. त्यांचं ‘लेडी’ आम्ही अमरावतीकरांनी कधीच खाऊन टाकलं. अकोल्याचे लोक थोडे अदबशीर म्हणायचे. तिथल्या स्त्री रुग्णालयाला अजूनही म्हातारी माणसं ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात. माझं माहेर अकोल्याचं, म्हणून सांगते हो!

डॉक्टर ही पदवीसुद्धा सगळीकडे सारखी नाही. इंग्लंडात मोठा सर्जन झाला की त्याला ‘डॉक्टर’ म्हणत नाहीत, ‘मिस्टर’ म्हणतात, आणि त्याला त्याचा अभिमान असतो. कारण जुन्या काळी तिथे शस्त्रक्रिया करणारे आणि दाढी करणारे यांची संघटना एकच होती. १७४५ साली ते वेगळे झाले. डॉक्टर म्हणजे विद्यापीठातून शिकून आलेला. सर्जन म्हणजे हातानं काम करणारा, म्हणून मिस्टर. पुढे सर्जनही शिकले, मोठे झाले, पण मिस्टर तसंच राहिलं. आणि आपले डॉ. पंजाबराव देशमुख! अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचं, अमरावतीचं मेडिकल कॉलेजही त्यांच्या नावाचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, की ते फार मोठे डॉक्टर होते आणि गरिबांना फुकट औषध देत. त्यांची डॉक्टरेट वेदवाङ्मयावरची होती हे तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. वऱ्हाडानं तरी त्यांना डॉक्टर कुठे म्हटलं? ते सगळ्यांचे भाऊसाहेब.

पण खरी पंचाईत आहे ती बाई डॉक्टरची. ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे कोण? डॉक्टर झालेली बाई, की डॉक्टरांची बायको? आपण दोघींनाही तेच म्हणतो. एकीनं रात्र रात्र जागून अभ्यास केला, दुसरीच्या गळ्यात डॉक्टरांनी मंगळसूत्र बांधलं, आणि हाक मात्र एकच! पुरुष डॉक्टरांना आपण आडनावानं ओळखतो. अमके डॉक्टर, तमके डॉक्टर. बाई डॉक्टर असली की लगेच तिच्या नावापुढे ताई लागते. शेजारच्या गल्लीत नवरा-बायको दोघेही डॉक्टर आहेत. पाटीवर दोघांचीही नावं, दोघांच्याही पदव्या, तिची एक जास्तच. तरी गल्लीत ते ‘डॉक्टरसाहेब’ आणि ती ‘वहिनी’.

हे आजचं नाही. नवऱ्याकडे नांदायला नकार दिल्यापायी कोर्टात उभं राहावं लागलेल्या रखमाबाई पुढे लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. सुरतेला आणि मग राजकोटला त्यांनी बायकांच्या दवाखान्यांत काम केलं. पण त्यांचं आडनाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? त्या रखमाबाईच. आनंदीबाई जोशींनी १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्या गेल्या. त्यांना आपल्या माणसांनी डॉक्टर म्हणावं एवढाही वेळ काळानं दिला नाही. आपण आजही ‘आनंदीबाई’च म्हणतो. ते प्रेमानं म्हणतो, हे खरं. पण त्याच प्रेमानं पुरुषाला ‘डॉक्टर’ म्हणतो ना!

मी स्वतः काही शहाणी नाही. मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेले. तासभर नंबर लावून बसल्यावर पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी, साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात स्टेथॉस्कोप, लगबगीनं आत जात होती. मी म्हटलं, ‘‘सिस्टर, जरा बघता का, किती वेळ लागेल?’’ ती थांबली. म्हणाली, ‘‘मीच बघणार आहे तुम्हाला. पाच मिनिटं.’’ गळ्यातली नळी मला दिसत होती, मैत्रिणींनो! तरी तोंडातून सिस्टरच आलं. तिच्याबरोबरच्या मुलाला, जो तिच्याच वयाचा असेल, त्याला मी दोन मिनिटांपूर्वी ‘सर’ म्हटलं होतं. शाळेत मुली आम्हाला मॅडम म्हणायच्या ऐवजी चुकून मावशी म्हणाल्या, तर आम्ही सगळ्या जणी स्टाफरूममध्ये केवढ्या फणफणतो!

त्या दिवशी सासूबाईंना कशासाठी नेलं होतं, ते आता सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे. त्या म्हणाल्या, ‘‘लिही, कोणाले उपयोग होईन तर होऊ दे.’’

सासूबाईंचं अंग बाहेर येत होतं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही; चौदा वर्षं. बसताना, खोकताना, हंडा उचलताना. त्या कमरेला फडकं घट्ट बांधून वावरत. मी सून म्हणून या घरात आले तेव्हापासून त्या जमिनीवर बसत नाहीत, पंगतीतही पाटावर बसत नाहीत, याचा मला मनातून राग यायचा. खुर्चीवर बसून हुकूम सोडतात, असं वाटायचं. एकदा रात्री लघवी अडली, कळा असह्य झाल्या, तेव्हा कुठे त्यांनी मला सांगितलं, तेही दिवा मालवून.

मी विचारलं, ‘‘आई, दर दोन महिन्यांनी बी.पी. दाखवायला डॉक्टरांकडे जात होता ना? एकदा तरी सांगायचं!’’

त्या म्हणाल्या, ‘‘इतक्या मोठ्या साहेबाले मी असं काही सांगू व? काय म्हणन थो मले?’’

साहेब! हा शब्द त्यांनी चौदा वर्षं मध्ये भिंतीसारखा उभा केला होता. आणि तो डॉक्टरांनी बांधला नव्हता हो, तो आम्हीच बांधला होता. ते डॉक्टर तर नावानं हाक मारली म्हणून हसणारे! पण साहेबाला आपण चांगलं तेवढंच सांगतो. तहसीलच्या साहेबापुढे, शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढे आपण जसे पदर सावरून उभे राहतो, तसेच डॉक्टरांपुढे राहतो. ते विचारतात, ‘काय त्रास?’ आपण सांगतो, ‘काही नाही साहेब, थोडी कंबर दुखते.’ कंबरच! धुपणी, जळजळ, अंग उतरणं, नवऱ्याजवळ जाताना होणारा त्रास, हे सगळं त्या एका कमरेत गुंडाळून आपण घरी परत येतो.

सासूबाई काही एकट्या नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रियांचे एक ना एक आजार होते. आणि त्यापूर्वी कधी आतून तपासून घेतलेल्या बाया होत्या शंभरात ८. बाकीच्या अंगावर काढत होत्या. त्या ८ आणि ९२ मध्ये गरिबी आहे, अंतर आहे, दवाखाना नसणं आहे, सगळं आहे. पण लाजही आहे. राणीताईंनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात बायांच्याच तोंडची ही दुखणी लिहून काढली. बाईकडे तिच्या दुखण्यासाठी शब्द नसतात असं नाही, ते ऐकायला समोर कोणीतरी लागतं.

आणि बघा, त्या भागात लोक राणीताईंना डॉक्टरसाहेब म्हणत नाहीत. त्या ‘अम्मा’ आणि अभयभाऊ ‘नायना’. तिथल्या आदिवासींनी त्यांना एकदा सांगितलं होतं, की दवाखान्यातली माणसं पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. मग अशा कपड्यातला माणूस आम्हाला जगवणार कसा? त्यांच्या शोधग्रामचा दवाखाना मग आदिवासींच्या वस्तीसारखा, झोपड्या-झोपड्यांचा उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं देवीचं, माँ दंतेश्वरीचं. हेमलकशाला १९७३ पासून राहिलेले डॉ. प्रकाश आमटे तर सगळ्या महाराष्ट्राचे ‘प्रकाशभाऊ’. भोवतालच्या माडिया लोकांच्या अंगावर धड कपडा नाही, म्हणून स्वतः बनियन आणि अर्ध्या चड्डीत वावरणाऱ्या माणसाला साहेब कोण म्हणेल?

लांब कशाला जायचं? आपल्या अमरावतीच्या तपोवनात १९४६ साली महारोग्यांसाठी घर उभं करणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन होमिओपॅथीचे डॉक्टर होते; १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण अमरावतीत त्यांना ओळखत ते दाजीसाहेब म्हणून. दाजी म्हणजे आपल्याकडे बहिणीचा नवरा. ज्यांच्या सावलीलाही घरचे उभे राहत नव्हते, त्या माणसांमध्ये राहणाऱ्याला नाव कुठलं, तर दाजी! मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी कितीतरी वर्षं पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि दुसऱ्या वेळी एक रुपया एवढ्या फीवर दवाखाना चालवला. २०१९ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली. कोरकू बाया भूमकाकडे जातात म्हणून आपण शहरातून नाकं मुरडतो. पण भूमका त्यांच्याच गावचा, त्यांच्याच भाषेत बोलणारा. त्याच्यापुढे पदर सावरायला लागत नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. पोटावर डाग देतो ते वाईटच. पण बाई त्याच्याकडे का जाते, तेही समजून घ्यायला हवं.

म्हणजे आपल्या विदर्भात डॉक्टरांना नावानं हाक मारण्याची चाल मेलबर्नच्या आधीपासूनच आहे. फक्त आपण नावाला नातं जोडतो. इंग्रजीत लहान-मोठ्या सगळ्यांना एकच ‘यू’. तिथे मान द्यायचा तर मिस्टर, डॉक्टर असं काहीतरी नावामागे लावावंच लागतं, आणि ते काढलं की सगळे एका पंगतीत. मराठीत तसं नाही. आपला मान क्रियापदात असतो. ‘प्रकाशभाऊ आले’ म्हटलं की त्या ‘आले’तच सगळा आदर येतो. म्हणून मला वाटतं, आपण ‘साहेब’ सोडलं तरी डॉक्टरांचं काही कमी होणार नाही. ‘डॉक्टर, तुम्ही’ एवढं पुरे. सरकारी योजनेतली आशा कार्यकर्ती २००५ नंतर गावोगाव आली. ‘आशा’ हे खरं तर इंग्रजी अक्षरांचं संक्षिप्त रूप. पण बायकांनी आठ दिवसांत तिची ‘आशाताई’ करून टाकली, आणि जे डॉक्टरला सांगत नाहीत ते तिला सांगतात.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नात्यागोत्यातच रमली. नातं जोडलं की सगळं गोड होतं असं मुळीच नाही. डॉक्टर मंडळीही आपल्याशी नातं जोडतात ना! ‘ए मावशी, सरक तिकडे.’ ‘आजी, तोंड उघड, मोठा आ कर.’ मावशी आणि आजी म्हणायचं, आणि वर ‘तू’! आईला आपण तू म्हणतो, ते वेगळं. पंचवीस वर्षांच्या मुलानं पासष्ट वर्षांच्या परक्या बाईला म्हटलेलं ‘तू’ मात्र कानाला खुपतं. निवृत्त मुख्याध्यापिका असो की सरपंचबाई, खाटेवर पडली की ती एक तर आजी, नाहीतर सात नंबर. बायकांचं तर विचारूच नका. आम्ही आधीच अमक्याच्या आई, तमक्याच्या मिसेस. दवाखान्यात तेवढंही राहत नाही.

आणि भाऊ म्हटलं की प्रश्न विचारता येत नाही, हाही एक घोटाळा आहे. अकोल्याच्या माझ्या चुलतबहिणीला अंगावरून जास्त जात होतं. वय अडतीस. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, पिशवी काढून टाका. ती तयार! मी फोनवर विचारलं, का काढायची? दुसरा उपाय नाही का? सोनोग्राफीत काय निघालं? तिला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. म्हणाली, ‘‘अगं, ते माझ्या भावासारखे आहेत. त्यांना असं विचारलं तर वाईट नाही का वाटणार?’’ मी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. तिथे तपासणीत थायरॉईड निघालं. गोळ्या सुरू झाल्या. पिशवी जागच्या जागी आहे. पहिल्या डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण विचारायला हवं होतं की नको? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ साली केवढं गाजलं, आठवतं ना? सरकारला समिती नेमावी लागली. तिच्या अध्यक्ष होत्या नीलम गोऱ्हे. त्या स्वतःही डॉक्टर. (आणि वर्तमानपत्रांत मात्र बहुतेक वेळा नीलमताई!)

तेव्हा साहेब म्हणा, भाऊ म्हणा, नाहीतर आमच्या पुतण्यासारखं नुसतं नाव घ्या. विचारता येतंय का, हे बघा. मी आता एक करते. घरातून निघतानाच वहीच्या पानावर तीन प्रश्न लिहून नेते. आत गेलं की जीभ अडखळते, पण कागद अडखळत नाही. डॉक्टर घाईत असले तर कागदच पुढे करायचा. ज्या गोष्टीची लाज वाटते ती सगळ्यात वर लिहायची, शेवटी ठेवली की ती राहूनच जाते. आणि डॉक्टरांचं नाव काय, शिक्षण काय, हेही वाचायचं. आपल्या गावात ॲलोपॅथीवाले, आयुर्वेदवाले, होमिओपॅथीवाले सगळेच डॉक्टर. त्यात वाईट काही नाही, पण आपण कोणाकडे आलोय हे आपल्याला ठाऊक हवं. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि औषधाच्या चिठ्ठीवर लिहावा, असा २००२ च्या नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. २०२१ साली आपल्या राज्यात नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून रुग्णांच्या हक्कांची सनद खासगी रुग्णालयात दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी नंबर येईपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालण्याऐवजी ती शोधा. पुरुष डॉक्टर तपासत असताना जवळ बाईमाणूस असण्याचा हक्क, आजाराची माहिती मिळण्याचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क. हे सगळं मागताना आपण कोणावर अविश्वास दाखवत नसतो.

इंग्लंडात केट ग्रेंजर नावाची एक तरुण डॉक्टर होती. तिला कर्करोग झाला. २०१३ साली ती रुग्णालयात पेशंट म्हणून पडली होती, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की येणारे-जाणारे कितीतरी डॉक्टर, नर्स आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. स्वतः डॉक्टर असूनही तिला ते लागलं! तिनं मोहीमच सुरू केली, ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढं म्हणण्याची. २०१६ मध्ये ती गेली. तोवर तिकडच्या कितीतरी दवाखान्यांतल्या लोकांच्या छातीवर ते वाक्य बिल्ल्यासारखं लागलं होतं. जाऊबाई म्हणतात ती पद्धत अशी कोणाच्या तरी दुखण्यातून येते.

आता सासूबाईंचं सांगायचं राहिलं. ज्या मुलीला मी सिस्टर म्हटलं होतं, तिनंच त्यांना तपासलं. आधी दार लावलं, पडदा ओढला. खुर्ची जवळ घेतली आणि म्हणाली, ‘‘नमस्कार काकू, मी डॉक्टर’’ आणि आपलं पूर्ण नाव. मग विचारलं, ‘‘तुमचं नाव काय?’’

केसपेपर तिच्या हातातच होता. पण तिनं विचारलं. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी गप्प राहिले. लग्नात बदललेलं, आजवर आधार कार्डावर आणि रेशन कार्डावर चालत आलेलं नाव सोडून त्यांनी माहेरचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते नाव मी या घरात दहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आणि मग, माय, त्या जे बोलायला लागल्या! चौदा वर्षांचं सगळं. किती बाळंतपणं, कोणत्या बाळंतपणानंतर आठव्या दिवशी पाणी भरायला लागल्या, फडकं कसं बांधतात, सगळं. ती मुलगी मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितल्याशिवाय ऐकत होती. वयामुळे आणि बी.पी.मुळे लगेच ऑपरेशन नको म्हणाली. तूर्त रिंग बसवून दिली, दर तीन महिन्यांनी बदलायला बोलावलं. सासूबाई आता पंगतीत पाटावर बसतात.

त्या दिवशी घोटाळा एवढाच झाला, की त्या मुलीनं चिठ्ठीवर सासूबाईंनी सांगितलेलं नाव लिहिलं आणि केसपेपरवर दुसरंच होतं. औषधाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, बाई, हे पेशंट दोन दिसतात, आधार कार्ड आणा, नवीन केसपेपर काढा. पुन्हा रांगेत उभं राहायला अर्धा तास गेला. सासूबाई बाकावर बसून होत्या. मी रागारागानं म्हटलं, ‘‘आई, कशाला सांगितलं ते नाव?’’

‘‘तिनं विचारलं म्हणून सांगितलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू कवा विचारलं होतं?’’